गोधडीला फुगा का येतो?

प्रश्न: जुन्या नऊवारीची गोधडी शिवते आहे. मधे फुगा येतो, कडा आत ओढल्या जातात. काय चुकतं?

उत्तर: थर आधी कच्च्या टाक्यांनी न बांधता तुम्ही थेट कडेपासून धावदोरा घातला असावा. मग सैल कापड सरकत मधे गोळा होतं. नऊवारी चौपदरी घातली की साधारण दोन मीटर लांबीचे चार थर मिळतात. ते जमिनीवर ताणून पसरा, कोपऱ्यांवर वजन ठेवा आणि मधून बाहेर, वीतभर अंतरावर लांब कच्चे टाके घाला. त्यानंतरच कडेने आत शिवत या. दोरा फार ओढू नका. कडा त्यानेच आक्रसतात. आत कोरं सुती कापड घालायचं तर आधी धुऊन घ्या, नाहीतर पहिल्याच धुण्यात ते आटतं आणि गोधडीभर चुण्या पडतात. जुनं लुगडं आटून मऊ झालेलं असतं, म्हणून तेच उत्तम!