रानाचे तुकडे आणि मधल्या वाटा : वाचकांचे प्रश्न

टेकड्या, माळराने, बिबटे आणि नवे रस्ते यांविषयी पुणे शहर व जिल्ह्यातून आलेल्या पत्रांतील काही प्रश्न या वेळी घेतले आहेत. एकाच आशयाची पत्रे एकत्र केली आहेत.

वेताळ टेकडी, तळजाई, बाणेर-पाषाणची टेकडी सगळ्या जागेवर आहेत. मधून एखादा रस्ता गेला तर जेमतेम दोन-तीन टक्के जागा जाते. तेवढ्याने प्राण्यांचे काय बिघडते? (कोथरूड)

डांबराखाली गेलेली जागा मोजली तर नुकसान नेहमी किरकोळच दिसते. खरे नुकसान रस्त्याच्या दोन्ही अंगांना होते. रानाला नवी कड मिळाली की तिथून ऊन, वारा, दिव्यांचा उजेड, आवाज, कचरा, भटकी कुत्री आणि घाणेरीची झुडपे आत सरकतात. हा परिणाम किती आत जातो ते प्रत्येक जातीगणिक वेगळे असते. हिशेबापुरते 100 मीटर धरू.

एक किलोमीटर लांब-रुंद असा 100 हेक्टरचा एकसंध चौकोन घ्या. चारही बाजूंनी 100 मीटर सोडले की आत 64 हेक्टर शांत गाभा उरतो. तेच 100 हेक्टर चार चौकोनांत वाटले तर गाभा 36 हेक्टर होतो. सोळा चौकोन केले तर अवघा 4 हेक्टर. एक गुंठाही रान कमी झालेले नाही, तरी गाभ्यात राहणाऱ्या जातींचे घर जवळजवळ संपले. म्हणून 'हिरवे क्षेत्र तेवढेच आहे' हे उत्तर आम्हाला पुरेसे वाटत नाही.

दुसरी बाब संख्येची. तुकड्यात साळिंदराच्या दोन-तीनच जोड्या उरल्या, तर एक वणवा, एक दुष्काळ किंवा कुत्र्यांची एक टोळी त्यांना संपवायला पुरते. शेजारच्या टेकडीवरून नवे जनावर येऊ शकले तर जागा पुन्हा भरते. वाट बंद असेल तर ती कायमची रिकामी राहते. हे लगेच दिसत नाही. रस्ता झाल्यावर दहा वर्षे प्राणी दिसत राहतात आणि मग एकेक जात गळू लागते. त्यामुळे 'रस्ता होऊनही मोर आहेतच की' हा पुरावा धरता येत नाही. मोर उडून पलीकडे जातो. घोरपड, साप, बेडूक यांना चालत किंवा सरपटतच जावे लागते.

जोडलेल्या तुकड्यांचा फायदा प्रयोगानेही तपासला गेला आहे. अमेरिकेतील दक्षिण कॅरोलायनात पाइनच्या जंगलात सारख्या आकाराच्या मोकळ्या जागा तयार केल्या आणि त्यांतील काही फक्त 25 मीटर रुंद पट्ट्याने जोडल्या. पाच वर्षांनी जोडलेल्या जागांत देशी वनस्पतींच्या जाती सुमारे 20 टक्के जास्त होत्या. झाडे चालत नाहीत, पण त्यांच्या बिया आणि परागकण वाहणारे जीव चालतात, उडतात.

तेव्हा टेकडीवरच्या कोणत्याही रस्त्याबाबत विचारण्याचा प्रश्न हा : रस्त्यानंतर सर्वांत मोठा अखंड तुकडा किती हेक्टरचा राहील, आणि तो शेजारच्या तुकड्याशी नेमका कुठे जोडलेला राहील?

आमच्याकडे सासवड-सुप्याच्या बाजूला जंगल नाही, नुसते माळ आहेत. तरी लांडगे आणि चिंकारा दिसतात. जंगलच नसेल तर कॉरिडॉर कसला? (सासवड)

कॉरिडॉर म्हणजे प्राण्यांच्या जागा जोडणारी वाट. ती झाडीचाच पट्टा असते, हा समज पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागात फार घातक ठरला आहे. चिंकारा, लांडगा, खोकड, धाविक, चंडोल यांचे घर गवताळ माळ हेच आहे. पवन्या, मारवेल, कुसळीचे माळ सरकारी कागदावर 'पडीक' ठरले आणि त्यांवर समतल चर खणून ग्लिरिसिडिया, सुबाभूळ लावली गेली. चिंकाऱ्याला लांबवर दिसणारी मोकळी जमीन हवी असते. दाट लागवड तो टाळतो. म्हणजे वाट जोडण्याच्या हेतूने केलेली लागवडच वाट तोडते. माळावर झाडे लावण्याचा कार्यक्रम कोणी घेऊन आले, तर त्यांना गावठाण, शाळेचे आवार, रस्त्याची कड दाखवा. माळ नको.

सुप्याचे मयूरेश्वर अभयारण्य केवळ 5.14 चौरस किलोमीटर आहे. लांडग्यांच्या एका कळपाचा वावर शंभराहून अधिक चौरस किलोमीटरवर असतो. त्यामुळे अभयारण्याबाहेरची गायराने, पडीक शेते, ओढ्याकाठ आणि धनगरांच्या चराईचे माळ हेच त्यांचे खरे क्षेत्र. हे सगळे कायद्याने राखीव करणे शक्य नाही, आणि बहुतेक ठिकाणी तशी गरजही नाही. ते कुंपणाविना मोकळे राहणे पुरते.

अडचण कुंपणाचीच आहे. प्लॉटिंग झाले की माळावर आधी जाळी उभी राहते. चिंकारा कुंपणावरून उडी मारण्यापेक्षा खालून निसटू पाहतो आणि काटेरी तारेत अडकतो. कुंपण घालायचेच असेल तर पिकाभोवती घाला, सगळ्या गटाभोवती नको. सर्वांत खालची तार बिनकाट्याची, जमिनीपासून 40 ते 45 सेंटिमीटरवर ठेवा. वरची तारही बिनकाट्याची असू द्या. ओढ्याच्या दोन्ही काठांना 15-20 मीटर पट्टा मोकळा सोडा, कारण रात्री जनावरे बहुधा ओढ्यानेच जातात. रानडुकरांसाठी सौर कुंपण वापरता येते, त्यात क्षणिक झटके असतात. थेट वीजवाहिनीची तार जोडणे हा गुन्हा आहे, आणि तिने माणसेही मेली आहेत.

एखाद्या जंगलातले वाघ दुसऱ्या जंगलात गेलेच नाहीत तर इतके काय अडते? संख्या तर वाढतेच आहे. (सदाशिव पेठ)

संख्या वाढली तरी रक्त तेच तेच फिरत राहते. ओडिशातील सिमिलिपालचे वाघ इतर वाघांपासून तुटलेले आहेत. तिथे काळे पट्टे एकमेकांत मिसळून गेलेले वाघ दिसतात. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात हा दुर्मीळ बदल तिथल्या सुमारे 37 टक्के वाघांत आढळला. दिसायला देखणी असलेली ही खूण जवळच्या नात्यातील प्रजननाची आहे. फ्लोरिडातील पँथर याच कारणाने खालावले होते. 1995 मध्ये टेक्सासहून आठ माद्या आणून सोडल्यावर ते सावरले.

आपल्याकडचे उदाहरण जास्त आशादायक आहे. 2019 मध्ये टिपेश्वरचा कॉलर लावलेला तरुण वाघ 1,300 किलोमीटरहून अधिक फिरून ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. त्याची बहुतेक वाट शेतांतून, नाल्यांतून आणि रस्ते ओलांडून गेली. डिसेंबर 2023 मध्ये चांदोलीत कॅमेऱ्यात आलेला नर वाघ आधी राधानगरीत नोंदलेला होता. चांदोली हा सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे, आणि प्रकल्पाचे भवितव्य तिथून दक्षिणेकडे राधानगरीला जोडणाऱ्या या चिंचोळ्या पट्ट्यावर अवलंबून आहे. व्याघ्र प्रकल्पांना जोडणाऱ्या जमिनीसाठी वन्यजीव संरक्षण कायद्याचे कलम 38-ओ आहे. तिचा वापर बदलण्यापूर्वी राष्ट्रीय वन्यजीव मंडळाची मान्यता घ्यावी लागते.

उसातले बिबटे पकडून लांबच्या जंगलात का सोडत नाहीत? (नारायणगाव)

सोडले होते, आणि त्याचा परिणाम मोजलेला आहे. जुन्नर भागात 2001 पासून बिबटे पकडून दुसरीकडे सोडल्यानंतर माणसांवरील हल्ले वर्षाला सरासरी 4 वरून 17 वर गेले. अनोळखी मुलखात सोडलेले जनावर भेदरलेले असते, ते आपल्या जागेकडे परत निघते आणि वाटेतल्या गावांत अडकते. इकडे रिकाम्या झालेल्या जागेत दुसरा, बहुधा तरुण आणि अननुभवी बिबट्या येतो. 2009 मध्ये माळशेज घाटात सोडलेला 'आजोबा' हा बिबट्या सुमारे 120 किलोमीटर चालून मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाकडे गेला.

गोठा मात्र आजच बंदिस्त करता येतो. चारही बाजू आणि छत जाळीचे, जाळीचे भोक 5 सेंटिमीटरपेक्षा लहान, खालची कड 30 सेंटिमीटर जमिनीत पुरलेली, दाराला दोन कड्या. छत उघडे ठेवून केलेला गोठा बिबट्यासाठी सापळा ठरतो : तो आत उडी मारतो, बाहेर पडता येत नाही आणि आतली सगळी शेळ्या-मेंढरे मारतो. विहिरीला मीटरभर उंच कठडा हवाच.

नव्या वर्तुळाकार रस्त्याला मुळशी-मावळात 'प्राण्यांसाठी मोऱ्या' ठेवणार असे सांगतात. त्या पुरतील का? काय विचारावे? (पौड)

पाण्याची मोरी आणि प्राण्यांचा भुयारी मार्ग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली आकृती मागा ती उंची, रुंदी आणि लांबीची. लांबी म्हणजे जनावराला रस्त्याखालून चालावे लागणारे अंतर. उंची गुणिले रुंदी भागिले लांबी, असा मोकळेपणाचा आकडा काढतात. अमेरिकेत हरणांवर झालेल्या कामात तो मीटरमध्ये 0.6 च्या वर असावा असे सुचवले गेले. आता 2 मीटर उंच, 2 मीटर रुंद, 60 मीटर लांब मोरी घ्या : आकडा 0.07. मुंगूस, उदमांजर, साळिंदर जातील. सांबर किंवा भेकर तोंडाशी येऊन परत फिरण्याचीच शक्यता. तेवढ्याच लांबीला 5 मीटर उंच, 30 मीटर रुंद पुलाखाली हाच आकडा 2.5 येतो. म्हणून ओढ्यावर भराव आणि पाइप घालण्याऐवजी पूल लांबवून दोन्ही काठ पुलाखाली कोरडे ठेवणे, हा मुळशीच्या उताराच्या जमिनीवर सर्वांत चांगला उपाय आहे. खर्च वाढतो, पण आराखड्याच्या टप्प्यावरच वाढतो. रस्ता झाल्यावर हा बदल जवळजवळ अशक्य होतो.

मार्ग मोठा असूनही निकामी ठरण्याची कारणे ठरलेली आहेत. तळाला काँक्रीट आणि वर्षभर साचलेले पाणी. बाहेर पडताना मीटरभराची पायरी, कारण पाण्याने खालची माती वाहून गेलेली. तोंडाशी दिवा, ढाबा किंवा राडारोडा. दिवसा गुरे आणि रात्री ट्रॅक्टर. यांपैकी एकही असेल तर लाजाळू जाती येत नाहीत. तळाला माती-दगड, पाण्याच्या पातळीवर किमान अर्धा मीटर रुंद कोरडी कड आणि दोन्ही तोंडांशी स्थानिक झुडपे मागा.

दिशा दाखवणारे कुंपण नसेल तर जनावर रस्त्यावरूनच जाते. ते आखूड असेल तर टोकाला वळसा घालून रस्त्यावर येते. पाच किलोमीटरपेक्षा कमी कुंपणाचे परिणाम भरवशाचे नसतात, असा परदेशातील महामार्गांवरचा अनुभव आहे. आणि मार्गाशिवाय नुसते कुंपण तर भिंतच.

हे जमते याचा पुरावा महाराष्ट्रातच आहे. पेंचजवळ राष्ट्रीय महामार्ग 44 वर 50 ते 750 मीटर रुंदीच्या नऊ रचना आहेत. 2019 मध्ये तिथल्या कॅमेऱ्यांत वन्यप्राण्यांच्या 18 जाती नोंदल्या गेल्या, त्यांत वेगवेगळे 11 वाघ. जागा मात्र वावराच्या नोंदींवरून ठरवावी लागते. सोयीच्या चेनेजवर (रस्त्याच्या सुरुवातीपासून मोजलेल्या अंतरावर) रचना बसवली आणि जनावरांची वाट अर्धा किलोमीटर बाजूला राहिली, तर सगळा पैसा वाया.

कागद कुठे मिळतील? पर्यावरण मंजुरीची पत्रे 'परिवेश' संकेतस्थळावर असतात. 2006 च्या पर्यावरण परिणाम मूल्यांकन अधिसूचनेनुसार प्रकल्प राबवणाऱ्याने दरवर्षी 1 जून आणि 1 डिसेंबरला अटींच्या पालनाचा अहवाल द्यायचा असतो. तो मागा. मिळाला नाही तर माहिती अधिकारात अर्ज करा. भारतीय वन्यजीव संस्थेने रस्ते, रेल्वे, वीजवाहिन्यांसाठी 2016 मध्ये काढलेली मार्गदर्शिका सोबत ठेवा. ग्रामसभेचा ठराव करताना 'प्राण्यांची सोय करावी' असे मोघम लिहू नका. गट क्रमांक, ओढ्याचे नाव, हवी ती रुंदी आणि उंची लिहा.

आमच्या सोसायटीला लागून ओढा आहे. काही करता येईल का? साप येतील ही सभासदांची भीती आहे. (बावधन)

ओढ्याच्या बाजूच्या भिंतीत जमिनीलगत दर 15-20 मीटरवर 15 सेंटिमीटरची चौकोनी भोके ठेवा, पण ती बागेच्या कडेला, जिने आणि वाहनतळापासून दूर. ओढ्याकडे तोंड असलेले दिवे झाकणाचे, पिवळसर उजेडाचे आणि रात्री अकरानंतर बंद. काठावर लॉन करू नका. करंज, उंबर, वाळुंज असू द्या. साप उंदरांमागे येतात आणि उंदीर उघड्या कचऱ्यामागे. कचरा बंद डब्यात गेला की भिंतीतल्या भोकांपेक्षा जास्त फरक पडतो. ओढा काँक्रीटच्या पेटीत घालण्याचा प्रस्ताव आला तर मात्र संघटितपणे विरोध करा. टेकडीवरून नदीपर्यंत जाण्याचा शहरातला तो शेवटचा मार्ग असतो.

जोडलेल्या वाटांनी रोगही पसरत नाहीत का? (औंध)

पसरू शकतात, आणि घाणेरी व भटकी कुत्रीही त्याच वाटेने येतात. पण तुटलेले रान रोगापासून सुरक्षित राहते असे नाही. 2018 मध्ये गीरमध्ये कॅनाइन डिस्टेंपर या, कुत्र्यांतही आढळणाऱ्या विषाणूजन्य रोगाने सिंह मेले. सगळे सिंह एकाच मुलखात असल्याने धोका उलट मोठा होता. उपाय वाट तोडण्यात नाही. रानालगतच्या गावांतील कुत्र्यांच्या लसीकरणात आणि नसबंदीत आहे.

पावसाळ्यात रस्त्यावर मेलेले प्राणी दिसतात. आम्ही महाविद्यालयीन मुले नोंदी ठेवू इच्छितो. उपयोगी पडतील अशा कशा ठेवाव्यात? (सिंहगड रस्ता)

एकच 5 ते 10 किलोमीटरचा पट्टा निवडा आणि वर्षभर तोच ठेवा. आठवड्यातून किमान एकदा, उजाडल्याबरोबर निघा. बेडूक, खेकडे, छोटे साप काही तासांत कावळे उचलतात किंवा चाकांखाली पुसले जातात. उशिरा गेलात तर रस्ता सुरक्षित असल्याचा खोटा निष्कर्ष निघेल. दुचाकीचा वेग 20 ते 25 ठेवा, मागे बसलेल्याने पाहायचे. अंगावर परावर्तक जाकीट हवे. घाटातल्या वळणावर थांबू नका.

प्रत्येक नोंदीत तारीख, वेळ, मोबाइलवरचे अक्षांश-रेखांश, शेजारी पट्टी ठेवून फोटो, रस्त्याची बाजू, दोन्हीकडे काय आहे (शेत, झाडी, ओढा, घरे) आणि आदल्या रात्री पाऊस होता का, एवढे लिहा. जात ओळखता आली नाही तर 'साप' एवढेच लिहा. अंदाजाने नाव टाकू नका. काहीच सापडले नाही तो दिवसही नोंदवा. हे बहुतेक जण विसरतात, आणि मग दर किलोमीटरचे प्रमाण काढता येत नाही. मृत प्राण्याला हात लावू नका. बिबट्या, तरस यांसारखा प्राणी असेल तर 1926 या वन विभागाच्या क्रमांकावर लगेच कळवा.

वर्षाअखेर पट्ट्याचे 500 मीटरचे भाग पाडून प्रत्येक भागातली संख्या मांडा. दोन-तीन भागांत गर्दी दिसेल, बहुधा ओढा किंवा तळे जिथे रस्त्याला भेटते तिथे. गतिरोधक, पावसाळ्यातल्या रात्रीची वेगमर्यादा किंवा रुंद मोरी नेमकी त्याच जागी मागा. तक्ता आणि नकाशा सार्वजनिक बांधकाम विभागाच्या उपविभागाला आणि वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याला एकाच दिवशी द्या, पोच घ्या, आणि पुढच्या पावसाळ्यात त्याच पट्ट्यावर पुन्हा मोजा.