पाचवा महिना आहे, कूस बदलताना ओटीपोटात जोरात कळ येते. घाबरायचं का?
ताई, कळ जांघेजवळ येऊन काही सेकंदांत जात असेल, तर बहुधा गर्भाशयाला धरणारे बंध ताणले जाताहेत. या दिवसांत हे नेहमीचं. उठताना गुडघे दुमडून आधी कुशीवर व्हा, मग हाताच्या रेट्याने उठा. शिंक येताना थोडं पुढे वाका. मेडिकलमधून डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन या दुखण्याच्या गोळ्या मनाने अजिबात घेऊ नका.

कळ थांबेना, पोट दगडासारखं घट्ट, रक्त किंवा पाणी जातंय, बाळाची हालचाल कमी वाटतेय, तर लगेच १०८ लावा. जतहून सांगली गाठायलाच बराच वेळ जातो, त्यामुळे सकाळची वाट पाहू नका. ताप किंवा लघवीला जळजळ असेल तर त्याच दिवशी लघवी तपासून घ्या. (पहिल्या तीन महिन्यांत एका बाजूला कळ आणि चक्कर आली, तर गर्भ गर्भाशयाऐवजी गर्भनलिकेत असू शकतो, तेव्हाही थेट दवाखाना.)