बोटीची सहल की आपलं आपण?

प्रश्न : सिंगापूरहून क्रूझने मलेशियातल्या पेनांगला आणि थायलंडमधल्या फुकेतला निघालोय. सोबत सासूबाई, दोन मुलं. बंदरावर उतरल्यावर बोटीची कंपनीच नेते त्या सहली घ्याव्यात का, की आपलं आपण फिरावं?

उत्तर : पेनांगला उगाच पैसे घालवू नका. स्वेटनहॅम धक्क्यावर उतरलात की जॉर्जटाउन शहर समोरच. कॉर्नवॉलिस किल्ला, लिटल इंडिया पायी होतं. सासूबाईंना केळीच्या पानावर भातही मिळेल. फुकेतला मात्र बोट बऱ्याचदा पातोंगसमोर नांगर टाकते, किनारा लहान होडीने गाठायचा. फी फी बेटांना जायचं तर बोटीचीच सहल घ्या. उशीर झालाच तर बोट तिच्या सहलीला गेलेल्यांसाठी थांबते, आपलं आपण गेलेल्यांसाठी नाही. आणि घड्याळ! थायलंड सिंगापूरच्या एक तास मागे. आमच्या ह्यांचा मोबाइल आपोआप थाई वेळेवर गेला, बोट सिंगापूरच्याच. शेवटच्या होडीत मी चपला हातात घेऊन चढले.