नोकरी सांभाळून जिओस्पेशिअल: फी भरण्याआधी दोन रविवार

प्रश्न: वय 26, राहायला नागपुरात, नंदनवनला. गणित-भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालो, चार वर्षांपासून हिंगणा एमआयडीसीत एका कंपनीच्या स्टोअरला आहे. नोकरी न सोडता जिओस्पेशिअल इंजिनिअरिंगचा (जमिनीची मोजणी आणि नकाशे यांचं शास्त्र) अर्धवेळ पदव्युत्तर कोर्स करावा म्हणतो. इतर विषयांचे पदवीधरही त्यात घेतात. बाबा म्हणतात, पैसे पाण्यात जातील. मित्र म्हणतो, ड्रोनचं लायसन्स काढ, पुरे. काय करू?

उत्तर: मित्राचं आधी निकालात काढू. 2021 च्या ड्रोन नियमांप्रमाणे पायलटच्या प्रमाणपत्राला दहावी पास आणि मान्यताप्राप्त संस्थेतलं प्रशिक्षण पुरतं. म्हणजे उडवणारे पुष्कळ होणार. ड्रोनने आणलेल्या शेकडो फोटोंवरून खाणीतल्या ढिगाऱ्याचं घनफळ काढायचं आणि 'चूक असली तर इतकीच' असं लिहून खाली सही करायची, ते काम वेगळं. तुझा कोर्स त्या सहीसाठी आहे.

ते तुला जमेल का, हे झिरो माइलला जाऊन बघ. तिथल्या घोड्यांबरोबर सगळे फोटो काढतात. 1907 च्या जीटीएस बेंचमार्ककडे, म्हणजे सर्वेक्षणासाठी उंची कोरून ठेवलेल्या दगडाकडे, फारसं कोणी बघत नाही. त्यावरची उंची 1020.171 फूट, म्हणजे साधारण 311 मीटर. तिथेच जीएनएसएस रिसीव्हर (जीपीएससारख्या उपग्रहांवरून जागा आणि उंची सांगणारं यंत्र) लावला, तर त्याचा मूळ आकडा पन्नास मीटरहूनही जास्त कमी भरतो. यंत्र बिघडलेलं नसतं. दगडावरची उंची समुद्रसपाटीपासून मोजलेली, रिसीव्हरची उंची पृथ्वीच्या गणिती लंबगोलापासून. आणि आपल्याकडे समुद्रसपाटीचा पृष्ठभाग त्या लंबगोलाच्या बराच खाली आहे. हे वाचून 'असं का बरं?' हा प्रश्न डोक्यात घोळत राहिला, तर कोर्स तुझा. 'सॉफ्टवेअर बघून घेईल' असं वाटलं, तर जीआयएसचा (संगणकावर नकाशे हाताळण्याचा) सहा महिन्यांचा सर्टिफिकेट कोर्स कर, तोही काही वाईट नाही.

गणिताची पदवी ही तुझी जमेची बाजू, पण चार वर्षांत तिच्यावर गंज चढला असणार. मॅट्रिक्स आणि लीस्ट स्क्वेअर्स (अनेक मोजमापांतून सर्वांत जवळचं उत्तर काढायची रीत) आत्ताच काढून बस. पहिल्या सत्रात माणसं गळतात ती बहुधा इथेच.

अर्धवेळ म्हटलं की मुलं फक्त संध्याकाळच्या तासांचा हिशेब करतात. माझ्याकडे आलेली नोकरदार मुलं अभ्यासापेक्षा रजेत जास्त अडकली. म्हणून संस्थेला एवढंच विचार: फील्ड कॅम्प सलग किती दिवसांचा, कोणत्या महिन्यात, आणि एका टोटल स्टेशनमागे (कोन आणि अंतर मोजायचं यंत्र) किती विद्यार्थी? सलग दोन आठवडे म्हणाले, तर प्रवेशाआधी कंपनीकडून रजेचं लेखी घे. साहेबांचं तोंडी 'बघू' धरू नकोस. आणि फील्डवर्क नसलेला, निव्वळ ऑनलाइन कोर्स 'इंजिनिअरिंग' म्हणून विकत असतील, तर बाबांचं खरं आहे.

बाबांचं आणखी एका बाबतीत खरं आहे. भूमी अभिलेख खात्याच्या भूकरमापक भरतीत स्थापत्यची पदविका-पदवी किंवा आयटीआयचा सर्व्हेअर ट्रेड मागतात. जिथे स्थापत्यच हवं असं लिहिलंय, तिथे हा कोर्स त्याची जागा घेत नाही. परदेशी विद्यापीठाचा असेल, तर सरकारी अर्जाआधी समकक्षतेचा प्रश्न येतो, तोही विचारून ठेव.

पण या विषयासाठी राहायला नागपूरसारखं गाव सापडणं कठीण. एमआरसॅक (राज्याचं सुदूर संवेदन, म्हणजे उपग्रहचित्रांवर काम करणारं केंद्र) इथे, इस्रोचं प्रादेशिक सुदूर संवेदन केंद्र इथे, मृदा सर्वेक्षणाचा राष्ट्रीय ब्युरो अमरावती रोडला. कोळशाची वेकोलि, मँगनीजची मॉइल आणि इंडियन ब्युरो ऑफ माइन्स यांची मुख्यालयंही इथलीच. बऱ्याच जागा प्रकल्पापुरत्या, कंत्राटी निघतात, हे लपवत नाही. फेब्रुवारी 2021 मध्ये केंद्राने नकाशे आणि सर्वेक्षणावरची परवानग्यांची जुनी बंधनं भारतीय कंपन्यांसाठी बरीचशी काढली, तेव्हापासून खासगी दारंही उघडली आहेत.

आता दोन रविवार मला दे. क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर फुकट आहे, उतरवून घे. सेंटिनेल-2 या उपग्रहांची दहा मीटरची (एक ठिपका म्हणजे जमिनीवरचे दहा मीटर) चित्रंही फुकट मिळतात. नागपूर आणि अमरावती, दोन्हींची घे. पृथ्वीचे उभे पट्टे पाडून नकाशे काढायच्या यूटीएम पद्धतीत 78 रेखांशावर पट्टा बदलतो: अमरावती 43 मध्ये, नागपूर 44 मध्ये. दोन्हीकडचे रस्ते हाताने काढ आणि एकाच नकाशात नीट बसव. एखादा थर (नकाशाचा लेयर) भलतीकडे जाऊन पडेल, दुपार वाया जाईल, चहा थंड होईल. जोडीला डेहराडूनच्या आयआयआरएस या सुदूर संवेदन संस्थेचे मोफत ऑनलाइन कोर्स आहेत, त्यातला एखादा लाव.

दुसऱ्या रविवारी रात्री तो थर जागेवर आला आणि का हलला होता ते बाबांना साध्या मराठीत सांगता आलं, तर फॉर्म भर. फीचा पहिला हप्ता मात्र स्वतःच्या पगारातून दे. बाबांशी पुढचं बोलणं त्याने सोपं होईल.