कृषी सल्ला: पाणंद पक्की करायची तर बाटली नको, चुना घ्या

प्रश्न (चिकोडी तालुका, ऊस उत्पादक): आमची पाणंद 400 मीटरची, सगळी काळी जमीन. पाऊस लागला की ट्रॉली रुतते. दुकानदार म्हणतो, एंझाइमची बाटली पाण्यात मिसळून मातीवर शिंपडा, रोलर फिरवा, माती दगडासारखी होते. घ्यावी का? किती घ्यावी?

उत्तर: घेऊ नका. किती घ्यावी हा प्रश्न मग उरतच नाही.

रस्ता हे खरं तर आमच्या खात्याचं काम नव्हे. पण खताच्या दुकानात आता रस्त्याचं औषधही मिळायला लागलंय आणि प्रश्न आमच्याकडेच येतात, म्हणून लिहितो. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हात आकसून भेगाळते. हा तिचा स्वभाव बदलेल असंच काहीतरी तिच्यात घालावं लागतं, आणि ते म्हणजे चुना. बाटलीतल्या द्रावणाचा गुण मातीतल्या चिकणवट भागावर अवलंबून असतो. एका शिवारात थोडा दिसतो, बांधापलीकडे काहीच दिसत नाही. दुकानदार जो कागद दाखवतो तो भलत्याच मातीचा असतो. त्याला एवढंच विचारा: माझ्या पाणंदीच्या मातीची, चार दिवस पाण्यात भिजवून घेतलेली सीबीआर चाचणी, म्हणजे माती किती भार पेलते त्याची चाचणी, कुठे आहे? कोरड्या मातीचा आकडा दाखवला तर चहा पिऊन परत या. उन्हाळ्यात काळी माती तशीही दगडच असते. आपलं भांडण जुलैशी आहे.

मागच्या हंगामात एकानं ‘एका बाटलीनं भागलं नाही’ म्हणून दुप्पट शिंपडली. सल्ला अर्थातच विकणाऱ्याचा. पहिल्या मोठ्या पावसात चाकोरीत पिंडरीएवढा चिखल. डोस वाढवून घट्टपणा वाढत नाही, बिल वाढतं.

खात्री घरीच करा. पाणंदीची माती वाळवून, कुटून, चाळून एक किलो घ्या. त्यात 40 ग्रॅम चुन्याची भुकटी मिसळा, लाडू वळण्याइतकं पाणी घाला आणि झाकून रात्रभर ठेवा. सकाळी वळून प्लास्टिकमध्ये गुंडाळा, सात दिवस सावलीत राहू द्या. तसाच एक लाडू नुसत्या मातीचा आणि एक दुकानदाराच्या बाटलीचा. आठव्या दिवशी तिन्ही उघडे करून दिवसभर सुकवा आणि बादलीत सोडा. नुसत्या मातीचा लाडू बघता बघता बुडबुडे सोडत ढासळतो. चुन्याचा दुसऱ्या दिवशीही बोटानं दाबला तर दाद देत नाही. बाटलीच्या लाडवाचं काय होतं ते मी सांगत नाही, तुम्हीच बघा.

आता चुना. इथंही दुकानदार फसवतो. आम्लधर्मी जमिनीत टाकायला जी चुनखडीची पूड किंवा डोलोमाइट विकतात, ती रस्त्याला काडीचीही उपयोगी नाही. पोत्यावर ‘शेतीसाठी’ लिहिलेलं दिसलं की बाजूला ठेवा. आपल्याला विरवलेल्या चुन्याची भुकटी हवी, ताजी, न फाटलेल्या पोत्यातली. उघडं पडलेलं पोतं हवा खाऊन पुन्हा चुनखडी होतं. चिमूटभर भुकटीवर व्हिनेगरचे थेंब टाका. जोरात फसफसलं तर परत करा. कळीचा चुना स्वस्त पडतो म्हणून आणू नका. त्यावर पाणी पडलं की तो उकळतो, हात भाजतात, डोळा जातो. भुकटी पसरतानाही चष्मा आणि तोंडाला फडकं हवंच. डोळ्यात गेली तर भरपूर पाण्यानं धूत राहा आणि थेट दवाखाना गाठा. वाऱ्याच्या दिवशी काम नको, शेजारच्या भाजीवर आणि तंबाखूवर पांढरा थर बसेल आणि पंचायत तुमच्यावर बसेल.

प्रमाण कोरड्या मातीच्या वजनाच्या 3 ते 6 टक्के. मी 4 पासून सुरू करायला सांगतो. तीन मीटर रुंद, 15 सेंटिमीटर दाबलेला थर धरला तर 100 मीटरला साधारण 27 क्विंटल, म्हणजे 25 किलोची 108 पोती. मोजत बसायचं नसेल तर वाटेवर दर तीन फुटांना एक पोतं आडवं ठेवत जा आणि तिथंच फोडून पसरा. दहा टक्के घाला म्हणणारा भेटेल. त्याला पोती विकायची असतात. जास्तीचा चुना मातीशी एकजीव होत नाही, पीठ होऊन उडतो.

आधी कल्टिव्हेटरनं उकरा. रोटाव्हेटर एकटा सहा इंचांच्या खाली नीट जात नाही. चुना पसरून तीन-चार वेळा फिरवा, ढेकूळ हरभऱ्याएवढं झालं पाहिजे. पाणी मारा, पुन्हा फिरवा, हलकं दाबून रात्रभर सोडा. दुसऱ्या दिवशी परत फिरवून मुठीत घ्या. गोळा झाला, मोडल्यावर त्याचे दोन तुकडे पडले, तळहात ओलसर राहिला पण पाणी सुटलं नाही, की रोलर बोलवा. ट्रॅक्टरच्या चाकांनी दाबलेला रस्ता म्हणजे न दाबलेला रस्ता. सात दिवस ओलं ठेवा आणि ट्रॉली बंद. नंतर वर मुरमाचा थर हवाच, नुसता चुन्याचा थर चाकांखाली झिजतो.

या सगळ्याहून माझा जीव चरावर आहे. दोन्ही बाजूंना दीड फूट खोल चर, मधोमध वाट कडेपेक्षा चार बोटं उंच, म्हशीच्या पाठीसारखी, आणि पाणी आडवं येतं तिथं सिमेंटचा पाइप. एवढं केलं तर निम्म्या पाणंदींना चुना लागणारही नाही. पण बांध कोरत कोरत चर बुजवणारे तुम्हीच, आणि उसाला पाजलेलं जादा पाणी पाणंदीत सोडणारेही तुम्हीच. चर नसेल तर माझ्याकडे चुन्याचं प्रमाण विचारायला येऊ नका.

वेळ: संक्रांत ते पाडवा. मे महिन्यात ‘आता रान मोकळं झालं’ म्हणून चुना पसरता आणि वळीव येऊन सगळा ओढ्यात नेतो. वळवाआधी थर दाबून, वाळून, मुरूम पडलेला हवा. उसाच्या तोडणीची तारीख आधी विचारून घ्या. ओल्या थरावर दोन डब्यांचा ट्रॅक्टर गेला की सगळं काम नव्यानं करावं लागतं. कारखाना तुमच्या सात दिवसांसाठी थांबत नाही.

प्रश्न (खानापूर तालुका, भात उत्पादक): आमच्याकडे तांबडी माती आणि जांभ्याचा मुरूम. चुनाच वापरायचा का?

उत्तर: नाही. भरड मुरमात चुन्याला धरायला चिकणमातीच नसते. तिथं सिमेंट 3 ते 5 टक्के. मुठीत चिकट लागणारी मसारी माती असेल तर मात्र चुन्याचा विचार करा. सिमेंटला चुन्यासारखी रात्र देऊ नका. पाणी लागल्यापासून दोन तासांत मिसळून, दाबून मोकळं व्हा. म्हणून एका वेळी 25-30 मीटरच घ्या. गवंडी म्हणेल आठ-दहा टक्के घाला, काँक्रीटसारखं होईल. होतं, आणि मग काँक्रीटसारखंच तडकतं. तड्यातून तुमच्याकडचा पाऊस खाली उतरला की थर पोकळ. जांबोटी-कणकुंबीच्या पावसात चर नसलेला सिमेंटचा थरही टिकणार नाही.

आणि कारखान्यातली मळी सिमेंटवर ओतायचा सल्ला ऐकू नका. साखरेनं सिमेंट धरायचं थांबतं. नुसती मळी धूळ बसवते, तीही पहिल्या पावसापर्यंतच.

प्रश्न (अथणी तालुका): जमिनीवर पांढरा खार येतो. चुना चालेल का?

उत्तर: चाचणीशिवाय अजिबात नाही. सल्फेटचे क्षार असलेल्या मातीत चुना घातला की रस्ता पोळीसारखा फुगून वर येतो. प्रयोगशाळेत सल्फेट तपासा असं स्पष्ट लिहून द्या, नेहमीच्या माती परीक्षणात ते येत नाही. 0.2 टक्क्यांच्या वर निघालं तर चुना आणि सिमेंट दोन्ही विसरा. बाहेरचा मुरूम टाका आणि चर खोल काढा. त्या जमिनीला चर तसाही हवाच आहे.

प्रश्न (निपाणी): सरकारी मदत?

उत्तर: ‘नम्म होल, नम्म दारी’ म्हणजे आपलं शेत, आपली वाट. ही कर्नाटकातली शेतरस्त्याची योजना, काम रोजगार हमीतून होत आलंय. ग्रामसभेत ठराव, पीडीओकडे (पंचायत विकास अधिकाऱ्याकडे) अर्ज, वाट गावनकाशावर असली पाहिजे. नकाशावर नसेल तर दोन्ही बाजूंच्या शेतकऱ्यांची लेखी संमती आधी घ्या. मजुरी आणि साहित्याच्या प्रमाणाचे नियम आत्ताचे काय ते तिथंच विचारा. चर खोदणं मजुरीत सहज बसतं, पहिलं काम तेच मागून घ्या. ‘योजनेत बसवून देतो, फक्त माझा माल घ्या’ म्हणणाऱ्याला मात्र दारात उभं करू नका.

नमुना आणायचा असेल तर वाटेत तीन ठिकाणी वरची चार बोटं माती बाजूला सारा आणि खालची मिळून पाच किलो आणा. पिशवीवर गाव आणि गट नंबर लिहा. सोमवारी सकाळी या. दुकानदाराची बाटली सोबत आणली तरी चालेल. आमच्याकडे बादली आहे.