दान आलेली बोट लिलावात घ्यावी का?

नमस्कार. तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मेरीलँडला राहता, दोघांची नोकरी, मुलगी हायस्कूलला, बचत २६,००० डॉलर आणि घरखर्च महिना साधारण ६,०००. एका चॅरिटीच्या लिलावात १९८६ची ३२ फुटी सेलबोट आहे, ७,५०० पर्यंत मिळेल असा तुमचा अंदाज आहे, आणि त्याच लिलावात ट्रेलरसकट एक १७ फुटी छोटी मोटरबोटही आहे. तुमचा प्लॅन म्हणजे मोठी घ्यायची, दोन उन्हाळे वापरायची, मग १८,००० ला विकायची, वर चॅरिटीकडून घेतली म्हणून टॅक्समध्ये पण फायदा. वहिनी नको म्हणतायत.

आधी टॅक्सचं बघू, कारण तो गैरसमज सगळ्यात पटकन दूर होतो. डिडक्शन, म्हणजे टॅक्स लागणाऱ्या उत्पन्नातली वजावट, बोट देणाऱ्याला असतं, लिलावात घेणाऱ्याला नाही. तुम्ही ७,५०० दिलेत आणि ७,५०० ची वस्तू घरी नेलीत तर तुम्ही दान काहीच केलं नाही, फक्त खरेदी केलीत. बाजारभावापेक्षा जाणूनबुजून जास्त दिलेत तर तेवढी वरची रक्कम दान धरता येते, आणि तीही डिडक्शनचे बाकीचे नियम पाळूनच. काही लोक म्हणतात की आपण स्वस्तात घेऊ, दोन वर्षांनी दुसऱ्या चॅरिटीला देऊ आणि मोठी किंमत लावून डिडक्शन घेऊ, तर ते दिवस गेले. २००४च्या कायद्यानंतर, म्हणजे २००५पासून, ५०० डॉलरच्या वरची बोट दान केली आणि संस्थेने ती सरळ विकून टाकली की डिडक्शन विक्रीच्या रकमेपुरतंच मिळतं, संस्था देणाऱ्याला जो फॉर्म १०९८-सी देते त्यावर तोच आकडा येतो. संस्थेने ती स्वतः नीट वापरली किंवा मोठी दुरुस्ती केली तर गोष्ट वेगळी, पण ते क्वचितच होतं.

आणि ह्याच नियमामुळे एक गोष्ट लक्षात घ्या, देणाऱ्याला टॅक्समध्ये फार काही मिळत नाही तरी तो बोट देतोय. का? कधी मालक गेलेला असतो आणि मुलांना बोट नको असते, अशी बोट चांगली निघू शकते. पण बरेचदा ती विकली जात नसते, धक्क्याचं भाडं चढत असतं आणि माणसाला फक्त त्यातून सुटायचं असतं. संस्थेला बोटीतलं काही कळत नाही, इंजिन शेवटचं कधी उघडलं, कुठून गळतं, हे सगळं जुन्या मालकाच्या डोक्यात राहतं. धर्माच्या गाईचे दात मोजू नयेत म्हणतात ना, पण इथे गाय धर्माची आहे ती त्या संस्थेला, तुम्ही रोख पैसे मोजताय, तेव्हा तुम्ही दात मोजायलाच हवेत.

आता मुद्द्याची गोष्ट. बोटीचा खर्च तुम्ही किती बोली लावली ह्यावर चालत नाही, तो बोटीच्या लांबीवर आणि वयावर चालतो. फुकट मिळाली तरी ३२ फूट ती ३२ फूटच. समजा स्लिपचा, म्हणजे धक्क्यावर बोट बांधायच्या जागेचा, रेट फुटाला महिना १५ डॉलर धरला तर वर्षाचे ५,७६० झाले. तुमच्याकडे थंडीत पाणी गोठतं, इंजिनात पाणी राहिलं तर ब्लॉक फुटू शकतो, म्हणून विंटरायझेशन (थंडीसाठी इंजिनातलं पाणी काढून बोट तयार करणं), बोट बाहेर काढणं, झाकणं, ह्याचे १,५०० धरा. इन्शुरन्स ५०० धरा. झाले ७,७६०, म्हणजे दरवर्षी बोटीच्या किमतीएवढा खर्च, आणि ह्यात अजून एकही स्क्रू बदललेला नाही. आकडे माझे अंदाजी आहेत, जवळच्या दोन मरिनांना (बोटी ठेवायच्या धक्क्यांना) फोन करून खरे रेट घाला, पण चित्र फार बदलणार नाही. दोन वर्षांत बोटीसकट २३,००० गेले आणि मग १८,००० ला विकली, तीही सगळं मनासारखं झालं तर. त्यात अजून वाईट म्हणजे स्वतःच्या वापराची वस्तू तोट्यात विकली तर तो तोटा टॅक्समध्ये दाखवता येत नाही, नफा झाला तर मात्र त्यावर टॅक्स आहे. म्हणून ह्याला गुंतवणूक म्हणू नका, मजा म्हणा, मजेला पैसे घालायला माझी काहीच हरकत नाही.

दुरुस्तीचं सांगतो कारण तिथेच लोक बुडतात. ह्या वयाच्या सेलबोटीत डोलकाठीला धरून ठेवणाऱ्या वायर कधी बदलल्या ते पहिलं विचारा, जुन्या असतील तर इन्शुरन्सवालेच अडवतात. डेकवर जिथे जिथे काहीतरी बोल्टने बसवलंय तिथे आजूबाजूला प्लॅस्टिकच्या हातोडीने हलकं ठोकून बघा, टणक आवाज यायला हवा, बद्द आवाज आला तर आतलं लाकूड किंवा फोम पाणी पिऊन कुजलेलं असू शकतं. इंजिनाची डिपस्टिक काढा, ऑइल दुधाळ दिसलं तर तिथूनच परत फिरा. नवीन डिझेल इंजिन बसवायचं म्हटलं तर १५-२० हजार सहज जातात, म्हणजे तुमच्या दोन बोटी त्यात येतील!

हे सगळं सर्व्हेअर, म्हणजे बोट तपासणारा तज्ज्ञ, करतो, फुटाला २५ डॉलर धरलं तर ८०० आणि बोट उचलायचा खर्च वेगळा. एरवी ब्रोकरकडून बोट घेताना आधी ऑफर देता, मग सर्व्हे आणि सी ट्रायल (पाण्यात चालवून बघणं), नाही आवडलं तर डिपॉझिट परत. लिलावात तसं नसतं, 'ॲज इज, व्हेअर इज', म्हणजे आहे तशी, आहे तिथे, हातोडा पडला की बोट तुमची. म्हणजे सर्व्हेचे ८०० बोलीच्या आधी घालायचे आणि बोली हरलात तर ते गेले. म्हणून संस्थेला सरळ विचारा की लिलावाबाहेर, सर्व्हेच्या अटीवर ऑफर घ्याल का. कितीतरी संस्था दानाच्या बोटी थेट पण विकतात. नाही म्हणाले तर निदान कळेल.

कागदपत्रात एक गोष्ट भल्याभल्यांना माहीत नसते. बोटीवरची उधारी बोटीबरोबर जाते. आधीच्या मालकाने यार्डाचं (बोटी दुरुस्त करून ठेवतात त्या आवाराचं) बिल किंवा मरिनाचं भाडं थकवलं असेल तर ते मॅरिटाइम लिएन, म्हणजे बोटीवरचा बोजा, म्हणून बोटीला चिकटून राहतं आणि तुम्हाला काही माहीत नव्हतं हे ऐकून घेतलं जात नाही. फेडरल कोर्टाच्या हुकमाने झालेल्या लिलावात ते पुसलं जातं, चॅरिटीच्या लिलावात नाही. बोट कोस्ट गार्डकडे डॉक्युमेंटेड (नोंदलेली) असेल तर २५ डॉलरमध्ये ॲबस्ट्रॅक्ट ऑफ टायटल, म्हणजे मालकी आणि बोजांच्या नोंदींचा उतारा, मिळतं, ते मागवाच, पण त्यात फक्त नोंदवलेलं दिसतं. म्हणून बोट ज्या यार्डात उभी आहे त्यांच्याकडून बाकी शून्य असं लेखी घ्या. ट्रान्समवर, म्हणजे बोटीच्या मागच्या सपाट भागावर, उजव्या बाजूला १२ अक्षर-आकड्यांचा हल नंबर (बोटीचा ओळख नंबर) असतो तो कागदाशी ताडून बघा. मेरीलँडचा ५ टक्के एक्साइज टॅक्स तुम्हालाच भरायचाय, लिलावाचं कमिशन असेल तर तेही वर.

तर माझं मत. तुमची बचत आज चार महिन्यांच्या खर्चाची आहे, मोठी बोट घेतली की ती तीन महिन्यांवर येते आणि त्याच वेळी महिन्याचा खर्च साडेसहाशेने वाढतो, मुलगी कॉलेजच्या दारात असताना. नको. सेलिंगचीच हौस असेल तर एखाद्या सेलिंग क्लबात दोन उन्हाळे काढा, तिथे दुसऱ्याची बोट, दुसऱ्याचं इंजिन.

१७ फुटीला माझी ना नाही. ती घराशेजारी ट्रेलरवर राहते, स्लिप नको, इंजिन मागे लटकलेलं असतं त्यामुळे मेकॅनिक अर्ध्या दिवसात कॉम्प्रेशन (इंजिनाच्या सिलिंडरमधला दाब) तपासून सांगतो. घरी जागा आहे ना आणि तुमच्या वसाहतीच्या नियमात बोट उभी करता येते ना, ते आधी बघा. सगळं धरून ४,००० च्या वर जाऊ नका, आकडा घरूनच कागदावर लिहून न्या आणि बोलीचा हात वहिनींना वर करू दे, त्या थांबतील. ट्रेलरचं टायटल (मालकीचा कागद) बोटीपेक्षा वेगळं असतं, संस्थेकडे ते नसेल तर रजिस्ट्रेशनला खेटे घालावे लागतील, तेव्हा आधी विचारा आणि नसेल तर बोली तेवढी खाली आणा.