चौकोनी ओंडका पाण्यात तिरका का होतो?

प्रश्न: ६ सेंमी × ६ सेंमी जाडीचा, ३० सेंमी लांब सागवानी तुकडा पाण्यात सपाट ठेवला, तरी गिरकी घेऊन कोपरा वर करून तरंगतो. वजन आणि उत्प्लावक बल (पाणी तुकड्याला वर ढकलते ते बल) समान असताना असे का?

उत्तर: बले समान, एका रेषेत, म्हणजे सपाट स्थितीतही समतोल आहेच. पण तो अस्थिर आहे. समतोल ठरतो बलांच्या बेरजेवरून, स्थिरता मात्र किंचित कलल्यावर काय घडते त्यावरून. तुकडा कलला की बुडालेल्या भागाचा मध्य त्याच बाजूला सरकतो. तो पुरेसा सरकला तर तुकडा सरळ होतो, कमी पडला तर आणखी कलंडतो.

लांब, एकसंध, चौरस छेदाच्या तुकड्याचे गणित नेमके आहे: सापेक्ष घनता (पाण्याच्या घनतेच्या किती पट) ०.२१ ते ०.७९ यांमध्ये असेल तर सपाट स्थिती अस्थिर. वाळलेले सागवान साधारण ०.६५, म्हणून ते ४५ अंशांवर स्थिरावते. थर्माकोल फारच हलके, ते सपाटच राहते. (बादली अरुंद नको, कडेला टेकले की प्रयोग फसतो.)

जाडी तीच ठेवून रुंदी ७.५ सेंमी केलीत, तर लाकूड कोणतेही असो, तरंगत असेल तर सपाट टिकेल.